नोंद

वेंगुर्ल्याच्या बंदरावरची जुनी जकात कचेरी.
फॉर्मवर मी लिहिते:
भिंती जांभ्याच्या, अडीच फूट, चुन्यात.
कमानी सात. सहावी बुजवलेली.
दर्जा: दोन-ब.

बस्त्याव शिडी धरून उभा.
"बाय, ती वयली खिडकी बघलात?"
तावदानं काचेची नव्हेत, शिंपल्यांची,
घासून घासून पातळ केलेली.
त्यांतून उतरणारं ऊन
ताकाच्या निवळीसारखं.

तुळईला लोखंडी कडी.
इथे काटा टांगायचे: सुपारी, मीठ, काथ्या.
खालची फरशी एकाच जागी खोलगट,
तोलणारा तिथेच उभा राहायचा.
आणि पारड्यावर त्याचा अंगठाही,
बस्त्याव हसत नाही हे सांगताना.

मग तो एक कौल काढून हातात देतो.
आतल्या अंगाला कुत्र्याचं पाऊल.
मंगळुरात, भट्टी लागायच्या आधी,
ओल्या मातीवरून गेलेलं,
भाकरीकडे की कुणाच्या हाकेकडे
कोण जाणे.
चार नख्या. एक जरा वाकडी.

याला रकाना नाही.
"वैशिष्ट्ये"खाली लिहिते: कौले, सुस्थितीत.
खोडते.
पुन्हा तेच लिहिते.

वर बस्त्याव कौल बसवतोय,
पाऊल आतल्या बाजूला.
"भायर ठेवलंय," म्हणतो,
"तर पावसात धुवान जायत."
शंभर वर्षं भाजलेलं आहे ते, मी सांगत नाही.