घड्याळ माझ्या हातात असतं

यंग्सटाउनच्या नगरसभेत
बोलणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात.
बटण मी दाबते. नऊ वर्षं दाबतेय.
हिरवा, पिवळा, लाल.
लाल झाला की माइक बंद,
मग बोलणारा रडत असला तरी.

त्या मंगळवारी डेमेट्रिक ओल्डहॅम आला,
दारातून जरा तिरका होऊन.
खुर्चीनं त्याला कसंबसं पोटात घेतलं.
डावा गुडघा, दोनदा कापलेला,
त्यानं वाटेतल्या सामानासारखा बाजूला सरकवला.
शाळेत हा माझ्या पुढे बसायचा,
मला फळा कधी धड दिसला नाही.

विषय क्रमांक सात:
ग्लेनहेवन रस्त्यावरचा पोहण्याचा तलाव
बुजवून तिथे पार्किंग.

कॅमेरेवाले आलेच.
त्यांना हवा होता त्याचा संताप,
नाहीतर दारभर लांबीचा चेक, दोन्ही हातांनी धरलेला.
मागून कुणी पुटपुटलं, खेळायचे पैसे मिळतात, खेळावं.
दुसरा, आमच्यातलाच, म्हणाला,
एवढं कमावतो, यानंच बांधावा की तलाव.

त्याच्या संघात एक गोरा पोरगा आहे, चेंडू फेकणारा,
इथून तासाभरावरच्या गावचा.
त्याला कुणी विचारत नाही, गल्लीसाठी काय केलंस?
त्याची गल्ली त्याच्या मानेवर बसलेली नसते.
ती तिच्या जागी असते, झाडांसकट.

मी नाव पुकारलं.
"मला पोहता येत नाही," तो म्हणाला.
हिरवा.
"तलाव दुरुस्तीला बंद होता त्या उन्हाळ्यात
आम्ही नदीवर गेलो.
दोघं गेलो होतो."
पुढे बराच वेळ काही नाही.
आकडे उतरत राहिले.
"उरलेली वेळ मिस व्हर्नेल रॉलिन्सना."

नियमात बसतं ते.
मिस व्हर्नेल, वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात अजून शिट्टी.
माइक तिच्या कपाळाच्याही वर.
डेमेट्रिकनं दांडा वाकवला. स्क्रू ढिला, दांडा पुन्हा वर.
मग तो धरूनच उभा राहिला,
एवढा थोरला माणूस, माइकचा खांब झालेला,
नजर खाली, तिच्या बुटांवर.

ती बोलली क्लोरीनच्या भावाबद्दल,
उत्तरेकडच्या गळक्या नळाबद्दल,
एकेचाळीस मुलांबद्दल, एकेकाचं नाव घेत.
सव्विसाव्या नावाला लाल झाला.
माझं बोट बटणावर होतं.
तिथेच होतं.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं,
मी घड्याळाकडे,
जणू घड्याळच बिघडलंय.

ठराव महिनाभर पुढे ढकलला.
जिंकलो असं म्हणवत नाही.
रात्रीच्या बातम्यांत त्याचा गुडघा दाखवला,
रविवारी खेळेल का, यावर चार जण भांडले.

पुढच्या सभेला तो डेन्व्हरला असेल, सामना आहे.
जिना उतरताना मिस व्हर्नेल थांबली,
म्हणाली, "मग माइक कोण धरणार गं?"
स्क्रूड्रायव्हर माझ्या खणातच आहे.
मी अजून हात लावलेला नाही.