दंडाचं नाणं

काका म्हणायचे, आधी दोष उतरवून ठेव,
उंबऱ्याबाहेर चपला ठेवतात तसा.
मी धाकटा, बोलायचा मान माझ्याआधी दुसऱ्यांचा,
ईशान्येच्या कोपऱ्यातल्या पूर्वजांनो, चटईवरच्या वडीलधाऱ्यांनो,
चुकलं तर माझ्या जिभेला धरा, माझ्या घराला नको.
एवढं झालं की खाकरायचं,
आणि तरीही मुद्द्याला हात लावायचा नाही.

बेताफूच्या लाल मातीत
रालाइवाओ काकांच्या कबारीशिवाय लग्न ठरत नसे.
मुलगी मागायला आलेला माणूस
'मुलगी' हा शब्द तासभर उच्चारत नाही.
तो बोलतो बांध ओलांडून पलीकडे गेलेल्या पाण्याबद्दल,
चुलीला दोन दगड पुरत नाहीत त्याबद्दल.
समोरचा वक्ता टपलेला:
म्हण उलटी पडली, दंड.
एखाद्या आजोबांचं नाव राहिलं, दंड.
पन्नास आरिआरीचं नाणं, हसत हसत, टोपीत.
काका वाक्याच्या शेवटी आवाज खाली ठेवत,
झोपलेलं पोर चटईवर ठेवावं तसा.

आणि काकू बाजारात.
"हे टोमॅटो, की पोरांच्या गोट्या?
काल आठशे, आज हजार?
रात्रीतून सोन्याचं पाणी पाजलंस?"
एक घाव, दोन तुकडे.
काकांची थकलेली उधारीही वुआहांगी काकूच वसूल करायची.
काका देणेकऱ्याच्या दारात हवापाण्याचं बोलत उभे,
आणि ही मागून, कुंपणाबाहेरूनच, आकडा सांगायची.
गावात म्हणत, पुरुषाचं बोलणं वळणाचं, बाईचं सरळ.
सरळ बोलण्याला नाकं मुरडत
आणि वेळ आली की तिलाच पुढे करत.

आंत्सिराबेच्या दवाखान्यात डॉक्टर फ्रेंचमध्ये बोलले.
त्या भाषेत आडवळण नव्हतं,
किंवा मला सापडलं नाही.
काका बाहेर बाकावर
रखवालदाराला एक म्हण समजावून सांगत होते.
परतताना गाडीत कोणाच्या तरी कोंबड्या पायाशी,
काकांनी काही विचारलं नाही,
मीही रस्त्याबद्दलच बोललो.

रात्री चुलीपाशी सुरुवात केली,
"मी धाकटा, बोलायचा मान माझ्याआधी..."
काकू तांदूळ पाखडत होती.
"किती महिने?"
"तीन."
सूप थांबलं नाही.
दोनदा, तीनदा तांदूळ उडाले, परत सुपात पडले,
चौथ्यांदा थोडे बाहेर.
"त्यांना मी सांगते," म्हणाली.

मला वाटलं, आता आकडा कुंपणावरून जाणार.

पण सकाळी तिनं धुतलेली लांबा खांद्यावर घेतली,
काकांसमोर बसली, पाय दुमडून,
आणि म्हणाली:
"मी बाई, मी धाकटी, या जागी बोलायचा मान माझा नाही.
चुकलं तर माझ्या जिभेला धरा."
मग ती बोलली कणगीतल्या भाताबद्दल,
तळ दिसला की तो खरवडू नये त्याबद्दल.
बोलली म्हाताऱ्या बैलाबद्दल,
ज्याला उतार गाडीवानाच्या आधी कळतो.
एक म्हण अर्ध्यात विसरली, दुसरी चिकटवली.
वाक्याच्या शेवटी आवाज खाली ठेवायला जायची
आणि तो हातातून निसटायचा.
बाजारभर ऐकू जाणारी बाई,
मला दारापाशी नीट ऐकू येत नव्हती.

काका डोळे मिटून ऐकत राहिले,
नव्या वक्त्याला ऐकावं तसे, मधेच मान हलवत.
ती थांबल्यावरही बराच वेळ.
मग म्हणाले,
"तीन, की चार?"
"तीन."

बाहेर कोणीतरी बदकं हाकत होतं.

काकांनी तळहात पुढे केला.
"माझ्या आजोबांचं नाव राहिलं. दंड."
काकूनं लांबाच्या टोकाची गाठ दातानं सोडली,
एक नाणं काढलं, उलटसुलट पाहिलं,
आणि त्यांच्या हातावर ठेवून मूठ मिटवली.
"पन्नासच देणार," म्हणाली,
"जास्त मागू नका."