बारा ग्रॅम

आधी वजन, मग दूध, मग पुन्हा वजन.
मधला फरक वहीत लिहायचा, शाईने.
काँताकुंडात सगळे मला तागडीवाली म्हणतात;
न्यीमा हे नाव फक्त पगाराच्या दिवशी लागतं.

ऑगस्ट. कोठाराच्या तळाशी झाडू फिरतो, त्याचा आवाज.
भुईमूग अजून मातीत, पीठ शेजारून उसनं.
तिदाची सासू शपथेवर सांगते:
दाण्याची पेज पोटात गेली की दूध येतं,
नदीकडे पाठ करून पाजलं की दूध येतं,
भांडून पाजलं तर अडतं.
यातलं शेवटचं मी खोडून काढत नाही.
रागात, भीतीत पान्हा दारातच थबकतो, परक्या पाहुण्यासारखा;
असतो, आत येत नाही.

पेजेचं मात्र तागडीला पटत नाही.
तिदा एकवेळ जेवते,
कंबरेची मण्यांची माळ मांडीवर घसरते,
तरी सारजो ओढते आणि आकडा येतो:
नव्वद. एकशे दहा. रात्रीचा त्याहून जास्त.
अंग स्वतःतून काढून देतं.
हिशेब ठेवतं ते एकाच गोष्टीचा,
कितीदा मागितलं.

मग लावणी आली. खाजण होडीने दीड तासावर.
तिदा अंधारात जाते, अंधारात येते.
दुपारी चिखलात वाकलेली असताना
छातीचे दगड होतात, झगा भिजतो,
बांधावर बसून ती पिळून टाकते, खेकड्यांना.
पंधरवड्याने पिळायलाही उरत नाही.
वहीत: सत्तर. पंचावन्न. अठ्ठेचाळीस.
उपसा थांबला की विहीर गाळाने भरते,
असं मी तिला म्हणाले.
ती म्हणाली, "भात तू लावशील?"

घरात जाबू. तिदाची सवत, गुडघ्यांनी अधू,
धाकटा चार वर्षांचा, गुरांमागे पळणारा.
सारजो रडून निळी होई तेव्हा
जाबू तिला छातीशी धरी,
नुसतीच, गप्प करायला.
मी पाहिलं, बोलले नाही.
तीन दिवस. नऊ दिवस. दिवसातून सात-आठ वेळा.

सोळाव्या दिवशी सकाळची नोंद राहिली होती
म्हणून दुपारी गेले.
जाबूच्या मांडीवरून उचललं, तोललं, परत दिलं,
थांबले, पुन्हा तोललं.
काटा चुकला असेल,
म्हणून लोखंडी वजन ठेवून पाहिलं.
काटा बरोबर.

बारा ग्रॅम.

जाबू मुलीचे ओठ पुसत होती.
"कुणाला सांगू नकोस. तिदाला मीच सांगते.
हसेल ती."

वहीत छापलंय, आईचे नाव, आणि पुढे एकच रेघ.
बारा लिहिले. रेघेवर पेन बराच वेळ धरून ठेवलं,
शाईचा ठिपका पडला, तोच राहू दिला.

रात्री तिदा हसली नाही.
सगळ्यांच्या मधल्या थाळ्यात
माशाचं डोकं होतं,
ते तिने बोटाने
जाबूच्या बाजूला सरकवलं.