चार मगरी

महापेच्या ऑफिसात, सहाव्या मजल्यावर
मला पगार मिळतो तो चुका शोधण्याचा.
या महिन्यात एक जुना गेम नव्या कन्सोलवर उतरवतायत:
हिरव्या टोपीचा माणूस, लाकडी पूल, खाली मगरी.
नाव वाचलं आणि हसले.
हा तर आमच्याकडे होता,
पनवेलला घेतलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये,
फुंकर मारल्याशिवाय न चालणारा.
फुंकर जयदास मारायचा.
मी अँटेनाची वायर धरून बसायचे
एकाच कोनात, हात भरून येईपर्यंत.

पुलावर एक मगर आली तर माणूस पळायचा,
दोन आल्या, तीन आल्या, तरी पळायचा,
चौथी आली की सगळंच जड व्हायचं.
टोपी हवेत, जबडा अर्धा उघडा,
बाजासुद्धा ओढत ओढत वाजायचा.
त्या जडपणातच जयदास उडी मारायचा.
आळीतली बाकीची पोरं तिसऱ्या मगरीलाच मरायची,
घाई करायची म्हणून.
हा थांबायचा.
"येव दे तिला," म्हणायचा, "मंग सगली दमतान."

नव्या कन्सोलवर कोणी दमत नाही.
चार मगरी, चाळीस मगरी,
पाणी चकचकीत, टोपीची शिवणसुद्धा दिसते.
मी अकरा वेळा मेले.
मग लिहिलं: चूक क्रमांक दोनशे सतरा.
पूल, चौथी मगर. संथपणा येत नाही.
गंभीरता: जास्त.

शिबू खुर्ची फिरवून म्हणाला,
अगं, ती जुन्या मशीनची धाप होती,
एवढी चित्रं पेलत नव्हती त्याला.
चूक तीच होती, आपण काढली.
मी म्हटलं, पूल त्या चुकीवरच उभा होता.

चांगला माणूस आहे. दोन दिवसांनी
त्याने सात ओळी लिहिल्या:
मगरी चार झाल्या की जरा थांब.
खेळले. पार झाले.
पण हे थांबतं ते सांगितलंय म्हणून,
पाहुण्यांपुढे कविता म्हणणाऱ्या मुलासारखं.
जुना डबा खरोखर थकायचा,
हात लावला तर चटका बसायचा.
दोनशे सतरा बंद करायची की नाही,
सोमवारपर्यंत कळवायचंय.

शनिवारी दोन्ही प्रती घेऊन करंजाड्याला गेले.
नियमात बसत नाही, तरी.
गावातलं घर विमानतळात गेलं;
या प्लॉटवर बाबांनी दार पूर्वेलाच ठेवलं,
खिडक्या मोजून तेवढ्याच.
आई अजून मोरीत जाताना पाय उचलते
तिथे नसलेल्या पायरीसाठी.

जयदास डंपर लावून आला.
रिमोट उलटासुलटा करून म्हणाला,
कॅसेट कुठं घालायची?
आधी सात ओळींशिवायचा लावला.
एक मगर. दोन. तीन.
त्याचा अंगठा थांबला.
चौथी आली, आणि माणूस पाण्यात.
परत पाण्यात.
"ह्यो तो नाय."

मग दुसरा लावला, काही न सांगता.
चौथी आली, टोपी हवेत लटकली,
अंगठा पडला,
माणूस पलीकडे.
मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.
तो पुढे खेळेना.
हिरवी टोपी काठावर तशीच उभी,
आणि जयदास उठून
कन्सोलच्या पाठीवर तळहात ठेवून बघतोय,
गरम झालाय का.