बेचाळीस वेळा हेमलता

रावपुऱ्यात, डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत
रात्री साडेअकराला मी लूप लिहिला.
शनिवारच्या शिबिराचे बेचाळीस पेशंट,
बेचाळीस निनावी फंक्शनं.
प्रत्येकाला बजावलं: सातला उठा,
आपापल्या माणसाला फोन लावा, नावानं हाक मारा,
म्हणा, आज मोतीबिंदू आहे, केस धुऊन या,
सोबत कुणाला तरी आणा.
मग दिवा मालवून दांडिया बाजारात घरी गेले.

सातला ती उठली. गुणी लेकरं, एकही लोळत राहिलं नाही.
पण नाव मी कुणाच्याच मुठीत ठेवलं नव्हतं,
नावाचा डबा कुठल्या फळीवर आहे
तेवढंच सांगितलं होतं.
डबा एकच,
आणि लूप पुढे सरकेल तसं
मीच त्यातलं नाव बदलत गेले होते.
यादी अकारविल्हे. शेवटी डब्यात उरली
हेमलता शितोळे.

टक्कल पडलेल्या छबीलभाई पारेखांना फोन:
हेमलताबेन, केस धुऊन या.
पोतनीस मास्तरांना, मरियमबेनला, कारेलीबागेतल्या दोघा भावांना
हेमलताबेन, हेमलताबेन.

नऊला खाली बाकांवर एकेचाळीस माणसं,
सगळ्यांचा एकच प्रश्न.
जिन्यातून जिग्ना ओरडली, ताई, आ शुं कर्युं?

ती आली पावणेदहाला.
एकटी, भिंत धरून, ओल्या केसांची.
जिग्नानं नाव विचारलं, तिनं सांगितलं,
आणि अख्खं दालन वळलं.
तुम्हीच का त्या?
कुणी सरकून जागा दिली, कुणी पिशवी धरली.
फॉर्मवर ‘सोबत कोण’ या रकान्यापाशी जिग्ना अडली
तेव्हा पोतनीस मास्तर म्हणाले, माझं लिही.

दुरुस्ती एका ओळीची होती.
डबा लूपच्या आत आणला,
आता प्रत्येक फंक्शन
आपल्यापुरती नक्कल उशाशी घेऊन झोपतं.
फेरतपासणीला प्रत्येकाला आपलं नाव,
आपला वार, आपली वेळ.
कोड तपासणाऱ्या साहेबांनी लिहिलं, छान.

मंगळवारी सव्वातीनला ती आली.
बाकं रिकामी. काळा चष्मा काढून
नव्या डोळ्यानं एकेक बाक बघत होती.
मी खाली उतरले,
हेमलताबाई, पाणी देऊ?
ती म्हणाली, माझं नाव तुला कसं गं ठाऊक?

काय सांगणार.
तो डबा मी कधीच पुसून टाकलाय.
फळी तेवढी पाठ आहे.