शिळं पाणी

लातूरला आठव्या दिवशी नळ आला.
औषधाचा वास इतका उग्र
की मांजर नाक मुरडून परत फिरली.

बोअरचं पाणी कासवाच्या पाठीवर
खडूसारखं बसतं.
जारचं गोड, पण पोकळ,
असं औसा रोडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"नळाचंच द्या. एक रात्र उघडं ठेवून."

म्हणून गच्चीत बादली,
वर जुनी ओढणी ताणलेली, डासांपुरती.
खालून कडूबाई हसली:
"नळ आला की आम्ही शिळं सांडतो,
तुम्ही ताजं शिळं करता!"

सकाळी वास गेलेला.
आधी मीच चूळभर चाखलं,
मग पोरीनं टबात ओतलं.
कासवानं बऱ्याच वेळानं मान काढली.

मांजर मात्र
माठाखालच्या ताटलीत
रात्रभर ठिबकलेलं
पीत बसली होती,
कुणाला न विचारता.