सतरा नंबरचं घर

नगरपालिकेने दुपारी अडीचची वेळ दिली होती.
फाटकावर लुटगार्ट उभी, सत्तरीच्या पुढची,
रेनकोटच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा.
आत सायकल चालवायची नाही, म्हणाली,
हातात धरून न्यायची.
आठशे वर्षांपूर्वीचा नाही हा नियम,
गेल्या उन्हाळ्यातला.

फाटक ओलांडलं
आणि रेडिओचा कान पिरगळावा
तसं मागचं गाव बंद झालं.
पांढऱ्या भिंती, हिरवी दारं,
मधे गवत, गवतात पॉपलर,
समुद्राचा वारा खाऊन खाऊन
सगळे एकाच अंगाला कललेले.
दारांना नंबर नंतर आले,
आधी संतांची नावं होती.
सतरावरचा संत पावसाने झिजलाय.
एक हात तेवढा उरलाय
आणि हातात काहीतरी,
वाटी असेल, नाहीतर पुस्तक.

इथे बेगीन राहायच्या.
मठातल्या नव्हेत, कुणाच्या घरातल्याही नव्हेत.
लोकर धुवायची, जवसाचा धागा कातायचा,
आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायची,
आपलं आपण मिळवायचं, आपलं आपण रांधायचं.
जन्मभराची शपथ कुणीच घेत नसे.
आणि मन उठलं तर?
तर किल्ली परत द्यायची, लुटगार्ट म्हणाली,
आणि आल्या वाटेने जायचं.
लग्न करायचं, नाहीतर नाही करायचं.

मी काही बोलले नाही.
माझ्या पर्समध्ये एक किल्ली आहे,
तिचं कुलूप मार्चमध्ये बदललं.

आत ओल. चुन्याचा वास.
जिना इतका अरुंद
की वर जाताना स्वतःच्याच खांद्याला
जरा सरक म्हणावं लागतं.
खाली भिंतीत एक कपाट, काळ्या ओकचं.
वरच्या कप्प्यात प्रार्थनेची वही ठेवायची,
मधल्यात बशी, पेला, पाव,
आणि त्याखाली एक फळी, ओढली की पुढे येणारी.
ताट मावेल एवढी. एकच ताट.

म्हणजे कुणीतरी सुतार बोलावला होता.
माप दिलं होतं, कोपरापासून कोपरापर्यंत.
रंधा मारून कडा गोल करून घेतल्या होत्या,
मनगटाला लागू नयेत म्हणून.
एकटीचं जेवण
ही उरलेली, वेळ मारून नेलेली गोष्ट नव्हती इथे.
तिला लाकूड लागलं होतं, मजुरी लागली होती.
गेले सात महिने मी ओट्याशी
उभ्याने जेवते आहे.

फळी अर्ध्यात अडकली.
लुटगार्टने खालून एक गुद्दा घातला. आली.

दंडाच्या जुन्या वहीत हाइलविख म्हणून एक आहे, तिने सांगितलं,
विणकराची पोर, याच रांगेतली.
तिला दोनदा दंड झाला.
एकदा घंटेनंतर बाहेर राहिली म्हणून,
एकदा चर्चमध्ये मोठ्याने हसली म्हणून.
हसण्याचा दंड दुप्पट.
कशाला हसली?
ते लिहिलेलं नाही. नुसती रक्कम आहे,
आणि पुढे: भरली.

शेजारच्या दारातून गोडेलीव्ह नावाच्या बाईने
मान बाहेर काढून सांगितलं
की काचेचा कचरा गुरुवारी,
आणि आधीची भाडेकरीण कधीच ऐकायची नाही.
मी अजून भाडेकरीण नव्हते,
तरी हो म्हणाले.

इथे का यायचंय, हे कुणी विचारलं नाही.
अर्जावरही तो रकाना नव्हता.
लुटगार्टने एवढंच पाहिलं
की गुडघे जिन्याला टिकतील का,
आणि मांजर आहे का, कारण चौकात बदकं आहेत.

यादीत माझा नंबर अकरावा.
दोघी आजारी आहेत, ती म्हणाली,
एकीचं मन बदलेल, बदलतं.
हे सांत्वन होतं की हिशेब, कळलं नाही.

सायकल हातात धरून फाटकापर्यंत आले.
बाहेर दगडी रस्ता, कालवा, बिअरचे रिकामे क्रेट उतरवणारा ट्रक,
आणि नियम संपलेला.
तरीही पुलापर्यंत
हातातच धरून चालत राहिले.